पाठमोरीचं तोंड

रविवार असूनही पॉलिशच्या कारखान्याचं शटर सकाळीच वर गेलं, आणि समोरच्या कुलूपवाल्याने ओळखलं की आज या घरात काहीतरी होणार. ओळखायला काही विशेष लागत नव्हतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून आला होता. कारखान्यात खुर्च्यांचा नुसता ढीग होता, पण सगळ्या गिऱ्हाइकांच्या. त्यांच्यावर कोणी टेकलं, तर छोटी त्याला उभा सोलून काढायची, मग तो सख्खा थोरला भाऊ का असेना.

छोटी म्हणजे साठी ओलांडलेली बाई. तीन भावंडांत मधली, पण लहानपणी चिकटलेलं नाव कोणी खरवडून काढलं नाही. वडिलांच्या मागे कारखाना तिनेच चालवला. राहायचीही तिथेच, वरच्या खोलीत. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे सगळे एकेक करून थकले, आणि ती मात्र रोज सकाळी लाख भिजवायला घालत राहिली.

मोठ्या टेबलावर चित्र आडवं ठेवलं होतं. त्याच्यावर वाकून, डोळ्याला भिंग लावून चित्रबाई बसली होती. जुनी चित्रं बरी करणं हा तिचा धंदा. दादाच्या मुलीने, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, हट्टाने तिला बोलावलं होतं. लग्न ठरल्याबरोबर तिने घरात जाहीर करून टाकलं होतं, "चित्र माझ्या घरी येणार असेल तर आधी धुऊन घ्या. असला काळामिट्ट चौकोन मी भिंतीवर लावणार नाही."

आणि चित्र तिच्याकडेच जायचं होतं. या घरात कागदपत्रं नव्हती, मृत्युपत्रं नव्हती. रीत एवढीच की नवं घर मांडणाऱ्याने लग्नाच्या दिवशी चित्रावर लाखेच्या पॉलिशचा एक हात मारायचा, आणि चित्र घेऊन जायचं. ज्याचा हात त्याचं चित्र. पॉलिशवाल्यांच्या घरात कपाट, पलंग, दरवाजा, जे हाती येईल त्याला पॉलिश होत असे. तेलरंगातल्या चित्राला ते करायचं नसतं, हे त्यांच्यापैकी कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पणजोबांनी पहिला हात मारला, मग आजोबांनी, मग वडिलांनी, मग दादाने. चित्र दर पिढीला आणखी सावळं होत गेलं, आणि प्रत्येक जण म्हणत गेला, काय चमकतंय बघा!

"एक विचारू?" चित्रबाई कापसाचा बोळा बाजूला ठेवत म्हणाली. "हे तुमच्याकडे आलं कसं? मला नोंदीसाठी हवंय."

चूक झाली. असा प्रश्न या घरात एकाच वेळी सगळ्यांना विचारायचा नसतो.

"भेट मिळालं," दादा खुर्चीत सरसावून बसला. "पणजोबांचं काम बघून चित्रकार खूश झाला. म्हणाला, तुमच्यासारखी चमक मला रंगात आणता येत नाही. घ्या."

"भेट कसली!" मास्तर म्हणाला. हा धाकटा भाऊ, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला, आणि अजून समोर वर्ग असल्यासारखाच बोलणारा. "चित्रकार गाव सोडून चालला होता. ही त्याची चित्रं कोणाला कळायची नाहीत. लोक झाड मागायचे, हा झाडाचं दुःख काढायचा. हे एक गाडीत मावलं नाही, म्हणून पणजोबांच्या गळ्यात पडलं."

"तुला बरं माहीत! तू होतास का गाडी भरायला?"

"दादा, पुरावा लागतो. तुझ्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे चित्र आहे," दादा म्हणाला, आणि वर्मावर बरोबर बोट बसलं. मास्तरचं लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणे चित्र त्याच्याकडे जायला हवं होतं. दादाने दिलं नाही. तुझ्या भिंतीला ओल आहे म्हणाला. भिंतीची ओल सुकून जमाना झाला, मास्तरच्या मनातली सुकली नव्हती.

वहिनी चहाची किटली घेऊन आत आली ती हे ऐकतच आली. "सुरू झालं का? बाई, तुम्ही कानात कापूस घाला. तुमच्याकडे भरपूर आहे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?" चित्रबाईने छोटीकडे बघून विचारलं. छोटी आतापर्यंत एकही शब्द बोलली नव्हती. ती चित्राच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून, बाईने टाकलेले मळके बोळे एकेक उचलून नाकाशी नेत होती.

"वडील सांगायचे ते वेगळंच," ती म्हणाली. "पणजोबांनी चित्रकाराच्या घराचं दार पॉलिशला काढलं होतं. बिजागऱ्यांतून सोडवून अंगणात उभं करून ठेवलं होतं. अंगण नुकतंच धुतलेलं, सगळीकडे पाणी. पाण्यात नुसतंच एक दार उभं. चित्रकार बाहेर आला आणि बघतच राहिला. म्हणाला, हात लावू नका, दोन दिवस असंच राहू दे. पणजोबांचं काम खोळंबलं. ते चिडले. म्हणून मग चित्र त्यांना दिलं."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. चित्रात दार होतंच. भिंत नाही, घर नाही, पाण्यात उभं दार, आणि त्यात हातात दिवा धरलेली एक बाई. पाठमोरी. अंधारात शिरणारी. चार पिढ्या तिला पाठमोरीच म्हणत आल्या.

"दार म्हणजे मृत्यू," मास्तरने खुलासा केला. "त्या काळच्या प्रतीकवादी पंथातले चित्रकार वस्तू काढायचे, पण सांगायचं असायचं भलतंच."

"दार म्हणजे संधी," दादा म्हणाला.

"दार म्हणजे दार," वहिनी म्हणाली. "चहा घ्या."

वहिनीला ते चित्र कधीच आवडलं नव्हतं, पण सांगणार कोणाला? लग्न होऊन आली तेव्हा दिवाणखान्यात पहिली दिसली ती हीच, पाठ फिरवून उभी. नवी नवरी घरात येतेय आणि ही निघाली! पुढे सवय झाली. तिच्यापेक्षा छोटीलाच त्या चित्राचा लळा जास्त. दर रविवारी यायची, चित्रासमोरच्या कोचावर बसायची, चहा गार होईपर्यंत बसायची. वहिनीला कितीतरी वर्षं वाटत होतं की नणंदेला आपला चहा आवडत नाही.

"इकडे या सगळे," चित्रबाई म्हणाली. "एक गंमत ठेवलीय तुमच्यासाठी."

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तिने पायऱ्यांसारखी एक पट्टी ठेवली होती. पहिल्या चौकोनाला हात लावलेला नव्हता. त्यापुढे एक थर काढलेला, मग दोन, मग तीन, आणि शेवटी सगळे. डावीकडे चहाच्या चोथ्याचा रंग, उजवीकडे कोवळं गुलाबी पाणी.

दादाच्या खांद्यावरून वाकून बघणारी डॉक्टरीणबाई ओरडलीच. "आई गं! हे तर आमच्या दवाखान्यातल्या दातांसारखंच! वर्षानुवर्षांची कीड!"

"माझ्या वाडवडिलांना कीड म्हणतेस?" दादा म्हणाला, पण त्याचीही नजर चौकोनांवरून हलत नव्हती.

"सगळ्यात खालचा हात जाड आहे," बाई सांगू लागली, "पण जीव लावून मारलाय. त्याच्या वरचा काळपट."

"आजोबा," छोटी म्हणाली. "त्यांना सगळं काळंच आवडायचं. पियानोसारखं."

"मग तांबडा."

"वडील. तेव्हा तांबडी कपाटं चालायची." तिने एक बोळा हुंगला. "हाच तो. लाखेत लाल घालून उन्हात ठेवायचे. अजून वास आहे बघा."

बाईनेही तो बोळा घेऊन हुंगला, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मास्तर पुढे झाला, त्यानेही हुंगलं, आणि बोळा खाली ठेवेना. वडील जाऊन खूप वर्षं झाली होती. त्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा.

"आणि हा शेवटचा, सगळ्यात वरचा," बाई म्हणाली. "याच्याबद्दल मला विचारायचंच होतं. इतका पातळ, इतका सारखा हात मी फार कमी वेळा पाहिलाय. कुठे ओघळ नाही, रेघ नाही, एक केस चिकटलेला नाही. म्हणून तर खालचं सगळं वाचलं. निघतानाही कसा अलगद निघाला. हा कोणाचा?"

दादाने घसा साफ केला. "माझा."

मग वहिनीच्या तोंडून जे हसू फुटलं, त्याने किटलीचं झाकण खाली पडलं.

"अहो! तुमचा?" ती डोळे पुसत म्हणाली. "बाई, आमच्या बेडरूममधलं कपाट यांनी पॉलिश केलंय. त्याच्या दारात माशी आहे. अख्खी माशी! पंखांसकट! मी रोज सकाळी तिला बघून साडी काढते."

"आणि माझं टेबल!" मास्तर म्हणाला. "त्यात ब्रशचे इतके केस आहेत की कंगवा फिरवता येईल."

"बाबांनी माझ्या पाळण्यावर अंगठा उठवला होता," डॉक्टरीणबाई म्हणाली. "अजून आहे."

"झालं तुमचं?" दादा लाल झाला होता. "त्या दिवशी जमून आलं एखादं."

"दादा," मास्तर उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात वर्गात कॉपी पकडल्याचा आनंद होता. "तुझ्याच्याने हे जमून येणार नाही. तू सात जन्म घेतलेस तरी येणार नाही. सांग, कोणी मारला हा हात?"

दादाने छोटीकडे पाहिलं. छोटी छताकडे बघत होती.

आणि दादाला ती सकाळ आठवली. वरात निघायला उशीर होत होता, नवा सूट अंगात चढवला होता, वडील खालून हाका मारत होते, हात मारलास का रे? मारतो, मारतो. तेवढ्यात छोटी लाखेची वाटी घेऊन आली. सुटाला वास लागेल गं, तूच मार पटकन, कोणाला सांगू नकोस. बस, एवढंच. एवढंच? पुढे इतकी वर्षं 'माझा हात, माझं चित्र' म्हणत मिरवताना त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं. विसरणं त्याला फार सुरेख जमायचं.

"सूट नवा होता," तो पुटपुटला.

"म्हणजे?" वहिनी.

"म्हणजे सूट नवा होता! लाखेचा वास लागला असता! तुझ्याशेजारी बसायचं होतं मला!"

वहिनीने काहीतरी टोला हाणायला तोंड उघडलं, मग मिटलं, आणि सत्तरीला टेकलेल्या नवऱ्याकडे बघून चक्क लाजली.

मास्तर मात्र आता थांबणार नव्हता. "म्हणजे ज्याचा हात त्याचं चित्र, तर हे तुझं नव्हतंच! माझ्या भिंतीची ओल काढत होतास, आणि चित्र होतं छोटीचं!" अर्ध्या तासापूर्वी ज्याला चित्र स्वतःला हवं होतं, तो बहिणीच्या बाजूने असा उभा राहिला, जणू जन्मभर तिचाच वकील होता. "छोटे, तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?"

"अगं, चित्र तुझं होतं!"

"हो." छोटीने हातातला बोळा डब्यात टाकला. "आणि रीत काय आहे? नवं घर मांडणाऱ्याने न्यायचं. तुम्ही सगळे मला विचारायचात, घर कधी मांडणार. मी कुठे सांगू, ही वरची खोली म्हणजे घरच आहे म्हणून? कोणी ऐकलं असतं? रविवारी येऊन बघून जायची. तेवढ्यावर भागत होतं." तिने डब्याचं झाकण लावलं. "भागत होतं म्हणजे, भागवलं. पण दर वेळी निघताना जिवावर यायचं. खरं सांगते."

वहिनीला गार झालेले ते सगळे चहा आठवले. दादाने आपल्या घडीच्या खुर्चीची घडी केली, पुन्हा उघडली.

"अहो, इकडे बघता का जरा?" चित्रबाई म्हणाली.

एवढा गलका चालू असतानाही तिने काम थांबवलं नव्हतं. दार जवळजवळ मोकळं झालं होतं, आणि त्या दारावर लाकडाच्या रेषा होत्या, रेषांवर ओलसर चमक. ताजं पॉलिश. कुठल्याही पॉलिशवाल्याने शपथेवर सांगितलं असतं.

"पणजोबांचं दार!" छोटी ओरडली. "बघा! अंगणातलं दार! वडील खरं सांगत होते!"

"मी मृत्यू मागे घेतो," मास्तर म्हणाला.

"दाराचं नंतर बघा. आधी पाय बघा," बाई म्हणाली.

पाठमोरीचे पाय कधी कोणी पाहिलेच नव्हते. लाखेत बुडालेले होते. आता ते पाण्यातून वर आले होते, आणि डॉक्टरीणबाई त्यांच्यावर इतकी वाकली की बाईला तिचं डोकं बाजूला करावं लागलं.

"बोटं आपल्याकडे आहेत," ती म्हणाली.

"असं कसं होईल?" दादा म्हणाला. "ती पाठमोरी आहे."

"बोटं पुढे आहेत, बाबा. टाचा मागे. मी दातांची असले तरी एवढं कळतं."

"उलटी चालत असेल," मास्तर म्हणाला. "या पंथात असं असतं."

"पंथ घाल चुलीत!" छोटी म्हणाली. "बाई, वरचं काढा. डोकं काढा. लवकर!"

या घरात कोणी खुळ्यासारखं बोललं की त्याला म्हणायचे, पणजोबांसारखं बोलू नकोस. कारण पणजोबा म्हातारपणी चित्रापुढे बसून एकच वाक्य म्हणायचे: ही आपल्याकडे बघते. पाठ फिरवलेली बाई बघणार कशी? मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. म्हाताऱ्याची नजर गेली आणि डोकंही गेलं, असं सगळ्यांचं मत होतं. वडिलांनी ते पोरांना हसत सांगितलं, पोरांनी त्यांच्या पोरांना.

बोळा डोक्यावरून फिरला. आजोबांचा काळा थर निघाला. केस म्हणून जे वाटत होतं, त्यातली निम्मी नुसती लाख होती. बोळा बदलला. कपाळ निघालं. मग एक भुवई.

"तोंड आहे," वहिनी कुजबुजली. "अहो, तोंड आहे हिला!"

मग डोळे आले. ती सरळ बघत होती. दिवा खाली धरलेला होता, आणि त्याचा उजेड हनुवटीवर पडला होता. मागे अंधार नव्हताच, नुकतं उजाडत होतं, आणि ती त्या दारातून, ओल्या पायांनी आत येत होती. फार लांबून चालत आल्यावर समोर आपलंच घर दिसावं, तसं तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"येतेय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ही जात नाहीये. ही येतेय!"

मग जो गोंधळ झाला, तो बघायला कुलूपवाला रस्ता ओलांडून आला. मास्तर दादाच्या गळ्यात पडला होता. वहिनी एकाच वेळी रडत होती आणि चहा ओतत होती, आणि तो बशीत पडत होता. "इतकी वर्षं हिला मी शिव्या घातल्या," ती म्हणत होती, "आणि ही बिचारी माझ्याचकडे बघत होती!" दादा वर बघून, हात जोडून, मोठ्याने म्हणाला, "पणजोबा, चुकलो हो! खुळे आम्ही!" कुलूपवाल्याला कोणीतरी चहा दिला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसला तरी त्या दिवशी छोटीने त्याला काही म्हटलं नाही.

सगळं निवल्यावर चित्रबाईने एक छोटी बाटली आणि रुंद, मऊ ब्रश काढला. "हिच्यात मुरलेलं औषध आधी नीट उडू देऊ, मग पक्कं वार्निश. पण आज एक पातळसा हात द्यायला हवा, धुळीपासून सांभाळायला. लाख नाही हं! मी बनवलेलं आहे, कधीही पुसून काढता येतं. कोण मारतंय?"

सगळ्यांना कळलं की काय विचारलं गेलंय. दादा डॉक्टरीणबाईकडे बघायला लागला. लग्न तिचं होतं, रीत रीतच होती.

तिने ब्रश घेतला. चित्राकडे बघितलं. आता ते तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. काळा चौकोन गेला होता आणि तिच्या नव्या घरात पूर्वेच्या भिंतीवर ती कशी दिसेल, हे तिला समोर दिसत होतं. तिने एक मोठा श्वास घेतला, आणि टेबलाला वळसा घालून आत्याच्या हातात ब्रश दिला.

"मला नको गं," छोटी म्हणाली. "तुझं लग्न आहे. घर तू मांडतेयस."

"तू कधीचं मांडलंयस," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आम्हीच पाठ फिरवून उभे होतो."

छोटीने भावांकडे पाहिलं. मास्तर जोरजोरात मान हलवत होता. दादा पुढे आला, स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि बहिणीसाठी बाटली तिरकी धरून उभा राहिला.

"शर्टाला वास लागेल," ती म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला.

छोटीने हात मारला. डावीकडून उजवीकडे, एका दमात, श्वास रोखून. केस नाही, ओघळ नाही. चित्रबाईने नुसतं बघितलं आणि काही सुचवलं नाही.

तो हात सुकल्यावर दोघा भावांनी चित्र वर नेलं. खिळा कुठे ठोकायचा यावरून जिन्यातच भांडण जुंपलं. पहिला खिळा दादाने वाकवला, दुसरा मास्तरने, तिसरा वहिनीने दोघांना बाजूला सारून ठोकला. छोटीच्या खोलीत भिंत अशी एकच मोकळी होती, खाटेसमोरची. तिथे चित्रातली ती उभी राहिली, दार, पाणी, दिवा सगळ्यांसकट. मग वहिनीने सगळ्यांना खूण करून खाली पिटाळलं.

जिन्यात डॉक्टरीणबाई एक क्षण थांबली. आत आत्या खाटेवर बसली होती, आणि चित्रातली बाई तिच्याकडे बघत होती.

"आलीस?" छोटी म्हणाली. "ये. आपलंच घर आहे."